कोकणातल्या गावांची नावं आली कुठून? पुण्यात बसून शोधायचं कसं

लाँग वीकेंडला निम्मं पुणं ताम्हिणी उतरून कोकणात जातं आणि दरवेळी कुठल्यातरी गाडीत तोच विषय निघतो, दिवेआगर म्हणजे काय, गुहागर का म्हणतात, चौल हे काय नाव झालं. मग गाडीतले एखादे काका ठोकून देतात काहीतरी, ते व्हॉट्सॲपवर जातं, तिथून एखाद्या होमस्टेच्या माहितीफलकावर चढतं आणि दोन वर्षांनी "स्थानिक लोक असं सांगतात" म्हणून परत आपल्याकडेच येतं.

किनाऱ्यावरच्या नावांचं हे जास्त होतं. देशावरच्या गावाचं नाव सहसा आपल्याच लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, बंदराचं नाव मात्र ग्रीक, अरब, रशियन, पोर्तुगीज, डच, इंग्रज असा जो जो आला त्याने आपापल्या कानाने ऐकून आपापल्या लिपीत लिहिलंय. त्यामुळे घोळ जास्त, पण खरं तर पुरावाही जास्त. पद्धतशीर गेलात तर पुण्यातून न हलता बरंच काम होतं, म्हणून मी ज्या क्रमाने करतो तो क्रम सविस्तर लिहितोय. एकच अट, सुरुवातीला अर्थाच्या मागे लागायचं नाही. नावाचा अर्थ हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, आधी नावाची जुनी रूपं गोळा करायची.

आधी आजचा उच्चार पक्का करा

रस्त्यावरची इंग्रजी पाटी किंवा गूगल मॅप बघून सुरुवात करू नका, इंग्रजी अक्षरांतून ल आणि ळ कळत नाही, द आणि ड कळत नाही. गावातले लोक काय म्हणतात ते लिहून घ्या, शेजारच्या गावचे काय म्हणतात तेही, कारण शेजारी बऱ्याचदा जुनं रूप वापरत असतात.

यात पुणेकरांच्या हातात एक सोन्यासारखी गोष्ट आहे ती म्हणजे आडनावं. कोकणातून वर आलेली घराणी गावाचं नाव आडनावात घेऊन आली आणि गावाचा उच्चार पुढे बदलला तरी आडनाव तिथेच थांबलं. चौलचं बघा, चौलकर आहेत तसेच चेऊलकरही आहेत, आणि चेऊल हे चौलचं आधीचं रूप आहे. कुलाब्याकडच्या (म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या) बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची आडनावंही अशीच, किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. सोसायटीतल्या नेमप्लेट वाचत फिरा असं नाही म्हणत, पण ओळखीत असं आडनाव असेल तर घरातल्या आजी-आजोबांना मूळ गाव कसं म्हणायचे ते नक्की विचारा.

मग जुन्या रूपांचा तक्ता

गूगल शीट उघडा, रकाने पाच: साल, कोणी लिहिलं, कुठल्या भाषेत किंवा लिपीत, नेमकं काय लिहिलंय, आणि हेच गाव कशावरून. हा पाचवा रकाना लोक टाळतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो, त्यावर पुढे येतो.

साहित्य कुठून आणायचं? पहिला थांबा म्हणजे इंग्रजांच्या काळची बॉम्बे प्रेसिडेन्सीची गॅझेटिअरं, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथ, जेम्स कॅम्पबेल संपादक. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, ठाण्याचे १८८२ चे. नेटवर पीडीएफ मिळतात. फक्त जिल्ह्यांची जुनी हद्द डोक्यात ठेवा नाहीतर शोधून शोधून दमाल: आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा (नाव बदललं १९८१ साली), सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१ चाच त्यामुळे मालवण-वेंगुर्ला रत्नागिरीच्या खंडात, आणि वसई-सोपारा आज पालघर जिल्ह्यात असले तरी सापडणार ठाण्यात. गॅझेटिअरमध्ये प्रत्येक बंदराच्या नोंदीखाली बारीक टाइपात जुन्या प्रवाशांची स्पेलिंग दिलेली असतात, वरचा मजकूर वाचून पुढे जाऊ नका, माल खालीच आहे. श्रीवर्धनचं युरोपियन प्रवाशांनी केलेलं "झिफरदान" मला तिथेच भेटलं.

दुसरा थांबा कोरीव लेख आणि ताम्रपट. शं. गो. तुळपुळ्यांचं प्राचीन मराठी कोरीव लेख पुणे विद्यापीठाने १९६३ साली काढलं आणि कोकणच्या शिलाहार राजांचे लेख वा. वि. मिराशींनी एकत्र केलेत, ते १९७७ चं. दोन्ही लायब्ररीत बसून बघण्यासारखी. पुण्यात यासाठी भांडारकर संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि मोडी कागदांसाठी पुणे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत पेशवे दफ्तर. जाण्याआधी फोन करून वेळ आणि ओळखपत्राचं विचारून घ्या, आणि "मला गावांच्या नावांबद्दल काहीतरी बघायचंय" असं मोघम सांगू नका. खंड कुठला, लेख कुठला, पान कुठलं हे कागदावर लिहून न्या, तिथली माणसं मग मनापासून मदत करतात.

मोडी येत असेल तर उत्तमच, पण एक लक्षात ठेवा, मोडीत रेघ आधी ओढून शब्द सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, त्यामुळे गावाचं नाव शेजारच्या शब्दाला चिकटून भलतंच वाचलं जाऊ शकतं. तेच नाव दोन वेगवेगळ्या कागदांत सापडल्याशिवाय तक्त्यात घेऊ नका.

चौलवर करून बघू

तक्ता भरल्यावर काय दिसतं ते एका गावावर सविस्तर दाखवतो. सगळीकडे सांगतात की चौल म्हणजे मूळची चंपावती, चाफ्याची झाडं फार होती म्हणून. आता जुनी रूपं लावा ओळीने. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याणनंतर "सेमुल्ला" येतं. दुसऱ्या शतकात टॉलेमी हा ग्रीक भूगोलकार "सिमुल्ला" लिहितो आणि वर सांगतो की तिथले लोक याला "तिमुला" म्हणतात. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या लेखात "चेमुल" आहे. अरब प्रवासी अल-मसूदी ९१६ च्या सुमाराला "सैमूर"ला आला. शिलाहार अनंतदेवाच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात जकातमाफीची बंदरं दिलीत, त्यात ठाणे आणि सोपाऱ्याबरोबर "चेमुली" आहे. १४६९ च्या आसपास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला त्याने "चिवील" लिहिलं, आणि मग पोर्तुगीजांचं "चौल".

नुसतं बघितलं तर सेमुल्ला, तिमुला, सैमूर, चिवील, काय ताळमेळ? पण प्रत्येकाची लिपी बघा. ग्रीकात च नाही, अरबीतही च नाही, मग च ऐकू आला की हे लोक स लिहिणार. टॉलेमीने तर एकदा स आणि एकदा त लिहिलाय, म्हणजे जो आवाज आहे तो आपल्या अक्षरांत बसत नाहीये हे त्यालाही जाणवलं असणार असं मला वाटतं. कान्हेरीच्या लेखाने च सरळ दाखवला आणि निकितिनने तर दुहेरी काम केलं, रशियनमध्ये च आहे म्हणून च शाबूत राहिला आणि म च्या जागी व आलेला दिसला.

हा म चा व हा मराठीतला रोजचा नियम आहे, ग्राम चं गाव, नाम चं नाव. म्हणजे चेमुल, चेंवुल, चेऊल, चौल ही उतरण अगदी सरळ. आता चंपावतीला तीच परीक्षा द्या. मराठीत चंपक चा चाफा झाला, तिथे प-फ टिकून राहिला, कुठे गायब झाला नाही. मग चंपावतीतला प जाऊन चौल कसं होणार? आणि शिवाय पहिल्या शतकापासूनच्या एकाही रूपात प नाही. चंपावती हे कोणीतरी मागाहून बसवलेलं भारदस्त संस्कृत नाव दिसतं. बरं, म्हणून चेमुल म्हणजे काय ते कळलं का? नाही कळलं. आपण नाव दोन हजार वर्षं मागे नेलं आणि तिथे दार बंद झालं, हेच उत्तर.

आणि तो पाचवा रकाना विसरू नका. चेमुल म्हणजे चौल हे आज बहुतेकांना मान्य आहे, पण चेंबूरचं नाव पुढे करणारेही होऊन गेलेत. पेरिप्लसमध्ये सेमुल्लाच्या पुढे मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा, बायझँटियन अशी बंदरं येतात आणि त्यांच्यासाठी बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग वगैरे नावं सुचवलेली आहेत, पण प्रत्येक विद्वानाची यादी वेगळी. नुसतं ऐकायला सारखं लागतं म्हणून मंदगोरा म्हणजे मंडणगड असं ठोकून देऊ नका. अशा वेळी तक्त्यात "सुचवलेलं" एवढंच लिहायचं.

परक्यांचे कान ओळखायला शिका

हे थोडं कोरडं आहे पण एकदा अंगवळणी पडलं की मजा येते. पोर्तुगीज लोक आपल्या व चा बऱ्याचदा ब करतात, वसईचं बसाईं, वांद्र्याचं बांदोरा. शब्दाच्या शेवटी त्यांनी एम लिहिलेला असतो तो म नसून नाकातला स्वर असतो, त्यामुळे बसाईम, बोंबाईम असं वाचून त्यावर सिद्धांत उभा करू नका. मुंबईच्या "बोम बाहिया" गोष्टीला असाच साधा व्याकरणाचा धक्का बसतो: बाहिया हा शब्द पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे, चांगली खाडी म्हणायचं तर "बोआ" हवं, "बोम" नाही. त्यापेक्षा मुंबादेवी बरी.

वेंगुर्ल्याचं युरोपियन लिखाणात "मिंग्रेला" झालंय, हे पाहून कोणी म्हणेल की मूळ नाव म ने सुरू होत असेल. थांबा, त्याच काळातली व ने सुरू होणारी स्पेलिंगंही आहेत, दोन्ही लावा तक्त्यात, आणि स्थानिक कागद काय म्हणतो ते बघा.

विजयदुर्गाचं उदाहरण मला फार आवडतं. महाराजांनी विजयदुर्ग नाव दिलं तरी इंग्रज १७५६ साली किल्ला घेताना घेरिया हेच नाव लिहीत होते. घेरिया कशावरून, तर दोन मतं. पाण्याने घेरलेला म्हणून घेरिया हे एक. दुसरं, शेजारी गिर्ये गाव आहे त्याच्यावरून. पहिलं ऐकायला छान वाटतं. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये जी च्या पुढे एच आहे एवढ्यावरून मूळ आवाज घ होता असं धरता येत नाही, ई किंवा आय च्या आधी जी चा ज होऊ नये म्हणूनही युरोपियन लोक तिथे एच घालतात. मग राहतं काय, तर गिर्ये हे गाव आजही जागेवर आहे आणि किल्ल्याला शेजारच्या गावाचं नाव पडणं ही अगदी सर्रास गोष्ट. माझं वजन गिर्येच्या पारड्यात, पण मोडी कागदांत घ ने लिहिलेलं जुनं रूप किती मागे जातं ते बघितल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही.

जमिनीचे शब्द

आता कुठे अर्थाकडे वळायचं, आणि तेही डिक्शनरी घेऊन. मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) नेटवर फुकट सर्च करता येतो, आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. आजच्या पुणेरी मराठीतला अर्थ लावू नका, किनाऱ्यावरच्या जमिनीचे शब्द वेगळे आहेत. आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग किंवा मिठाची जागा, म्हणून मिठागर. खार, खाजण म्हणजे भरतीचं पाणी येणारी खारी जमीन, त्यावरून खारेपाटण, खारघर. दांडा म्हणजे पाण्यात घुसलेली वाळूची किंवा जमिनीची लांब पट्टी: रेवदंडा, खारदांडा, दंडा-राजपुरी. जुवा किंवा जुवे म्हणजे खाडीतलं बेट. वेळ म्हणजे किनारा, संस्कृत वेला, तो वेळणेश्वरात आहे आणि बहुतेक वेळासमध्येही. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, आणि गणपतीपुळ्याच्या जवळच भंडारपुळे आहे, म्हणजे पुळे हा जमिनीचा शब्द आणि पुढचा गणपती आणि भंडार हे फक्त ओळखीसाठी, असं म्हणायला चांगला आधार मिळतो.

जंजिरा याच यादीत घाला. अरबी जझीरा, म्हणजे बेट. आपण जंजिरा म्हटलं की मुरूडच डोळ्यासमोर येतं, पण जुन्या कागदांत "जंजिरे विजयदुर्ग", "जंजिरे अंजनवेल" असं बिनधास्त लिहिलेलं असतं, पाण्यातल्या नाहीतर पाण्याकाठच्या किल्ल्याला सरसकट जंजिराच म्हणायचे. मुरूडचा एकटा ते नाव घेऊन बसला.

साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट, हे त्यातल्या त्यात निर्धास्त नाव. शिलाहारांच्या लेखांत षट्षष्टि असा विभाग येतो, म्हणजे ६६ गावांचा, आणि गोव्यातल्या साष्टीलाही ६६ गावांचंच सांगतात. असं लेखी उत्तर शंभरात एखाद्या नावाला मिळतं, त्याची सवय लावून घेऊ नका.

तेच नाव दुसरीकडे कुठे आहे?

ही पायरी फुकट आहे आणि लोक करत नाहीत. जनगणनेच्या गावांच्या याद्या घ्या, सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारीचे नकाशे घ्या (कोकण-पुण्याचे बहुतेक ४७ च्या मालिकेत येतात, त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ मिळते), आणि तुमचं नाव किंवा त्याचा तुकडा अजून कुठे आहे ते शोधा. सगळी ठिकाणं पाण्याकाठी असतील तर पाण्याशी संबंधित अर्थाला जोर येतो.

दिवेआगर घ्या. १०६० सालचा मराठी ताम्रपट सापडलेलं गाव, म्हणजे जुनं नक्कीच. एक मत असं की दिवे म्हणजे द्वीप, जसं गुजरातजवळचं दीव. ठाण्याच्या खाडीजवळ दिवा आहे, तेही जुळतं. वा! पण आपण पुण्यातले, आपल्याला सासवडच्या रस्त्यावरचा दिवे घाट माहितीये, आणि दिवे गाव. तिथे कुठलं आलं बेट? म्हणून लगेच द्वीप खोटं ठरत नाही, दोन वेगळे शब्द झिजून सारखे होऊ शकतात, पण द्वीपवाल्या माणसाला सासवडच्या दिव्याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागेल. तोपर्यंत हे नाव माझ्या तक्त्यात "शक्य" या खान्यात.

नकाशा बघताना नाव सरकतं हेही ध्यानात ठेवा. एन्रॉनचा म्हणून गाजलेला दाभोळ वीजप्रकल्प दाभोळमध्ये नाहीच, खाडीच्या पलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. आपल्या डोळ्यांदेखत असं होतं तर चारशे वर्षांपूर्वी किती वेळा झालं असेल. आणि काही नावं देऊनही चिकटत नाहीत, बाणकोटच्या किल्ल्याचं इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं, आज कोण म्हणतं?

गोष्टींचं काय करायचं

टाकून देऊ नका. पण पुरावा म्हणूनही घेऊ नका, वेगळा रकाना करा. मालवणची दोन स्पष्टीकरणं गावातच मिळतात, माडांचं बन आणि महा-लवण, म्हणजे मिठाचं. दोन्ही आवाजाला बसवून घेता येतात, दोन्ही जमिनीला शोभतात, माडही आहेत आणि मीठही. वेंगुर्ल्याला सातेरी देवीची गोष्ट सांगतात, वेंग म्हणजे मिठी, त्यावरून. अलिबागेत अली नावाच्या श्रीमंत माणसाच्या विहिरी आणि बागा होत्या हे सगळे सांगतात, फक्त अली मुसलमान होता की बेने इस्रायली यावर एकमत नाही. इथे अलीची बाग हा मुख्य सांगाडा दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून ती गोष्ट मालवणपेक्षा वजनदार धरतो. नावाची नुसती फोड करणारी गोष्ट हलकी, आणि माणूस, विहीर, जमीन अशी तपासता येणारी वस्तू असलेली गोष्ट जड, असा माझा सरळ हिशोब.

दोन झटपट खुणा. ज्या गोष्टीत एखादा परका माणूस गावात येतो, काहीतरी विचारतो आणि उत्तराचं नाव होतं, ती गोष्ट जगभर सगळीकडे आहे, सोडून द्या. आणि नाव जितकं शुद्ध संस्कृत सांगितलं जाईल तितकं ते पहिल्यांदा कुठल्या सालच्या कागदात आलंय ते आधी विचारा.

प्रत्यक्ष गेलात तर

देवळाच्या गुरवकाकांना गावाच्या नावाचा अर्थ विचारलात तर स्थलपुराण ऐकायला मिळेल, ऐका, छान असतं. पण कामाची माहिती हवी असेल तर गावाचं नाव सोडून बाकीच्या जागांची नावं विचारा. कोळीवाड्यात एखाद्या जाणत्या मामांबरोबर ओहोटीच्या वेळी उभे राहा आणि "मामा, तो खडक दिसतोय त्याला काय म्हणता? आणि पलीकडच्या वाळूला?" असं एकेक करत जा. खडक, खाडीचे फाटे, शेतांचे तुकडे, जुने धक्के, प्रत्येकाला नाव असतं आणि ही नावं सजवायला कोणी बसलेलं नसतं. गावाच्या नावातला दांडा किंवा जुवा नेमका कुठे आहे ते अशाने कळतं. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारून करा, आणि मासळी उतरायच्या वेळी अजिबात जाऊ नका, कोणाला वेळ नसतो आणि ओरडा खाल. तुमच्या डोक्यातला अर्थ आपणहून सांगू नका, "हे द्वीपावरून आलंय ना?" विचारलंत की समोरचा मान डोलावणार, पाहुण्याला नाही कशाला म्हणा.

शेवटी दर्जा द्या

मी चार खाने ठेवतो. पक्कं: अर्थाला जुना लेखी आधार आहे, साष्टीसारखं. बहुतेक: आवाज, जमीन आणि शेजारची नावं तिन्ही जुळतात, गणपतीपुळ्यातल्या पुळ्यासारखं. शक्य: एकदोन गोष्टी जुळतात पण एखादं उदाहरण आडवं येतंय, दिवेआगर. आणि नुसती गोष्ट, मालवण. चौल गंमतीशीर आहे, नाव तेच आहे हे जवळपास पक्कं पण अर्थ कोरा, म्हणून तिथे दोन वेगळे शेरे लागतात. कुठेही लिहिताना किंवा ग्रुपवर टाकताना हा दर्जा सोबत लिहा, नाहीतर पुढच्या फॉरवर्डमध्ये "शक्य" गळून पडतं.

पहिल्यांदाच करत असाल तर मालवण किंवा अलिबाग घेऊ नका, मत बनवायचा मोह फार होतो. ज्याची निदान चार जुनी रूपं सहज मिळतील असं बंदर घ्या, दाभोळ किंवा वसई. एक रविवार गॅझेटिअरच्या पीडीएफला, एक दिवस भांडारकरमध्ये किंवा मंडळात, आणि तक्ता भरून झाल्यावर मगच स्वारगेटहून दापोलीची एसटी पकडा.